कोमट तेलाची वाटी

एकदा एक श्रीमंत व्यापारी एका वृद्ध गुरुजींच्या आश्रमात आला. त्याला ना प्रपंचाचे गाऱ्हाणे सांगायचे होते, ना मोक्षाचा मार्ग विचारायचा होता. तो आपला कुत्रा घेऊन आला होता.

कुत्रा साधासुधा नव्हता. फ्रान्समधली पोर्सलेन नावाची ही शिकारी जात. चिनी मातीच्या पेल्यासारखे पांढरेशुभ्र, तुळतुळीत अंग आणि नारिंगी डागांचे लांब लोंबते कान. तिकडेही विरळा, मग इकडे कोण नाव ऐकणार? या कुत्र्यांचा पिढीजात धर्म एकच, जमिनीला नाक लावून सावजाचा माग काढायचा आणि धावता धावता खणखणीत साद घालायची, म्हणजे मागच्या शिकाऱ्याला वाट कळते. व्यापाऱ्याने मात्र त्याला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बसवले, हौसेने कापूर असे नाव ठेवले, आणि वर्षाच्या आत कापूर मुका झाला.

"महाराज, डॉक्टर म्हणतात, याला रोग नाही, याला रान पाहिजे," व्यापारी म्हणाला. "तुमच्या मागे टेकडी आहे. दिवाळीपर्यंत ठेवून घ्या. रोज मोकळा धावू दे. माग लागला की हा गप्प बसूच शकत नाही, मग बघा आवाज. आणि कान तेवढे सांभाळा. लोंबते आहेत, आत वारा जात नाही. उचलून पुसून कोरडे ठेवावे लागतात."

गुरुजींनी ते काम आपल्या आवडत्या शिष्यावर सोपवले. शिष्य बुद्धीने तल्लख, वाणीने गोड आणि कौतुकाचा थोडा भुकेला. थोडा कसला, चांगलाच.

टेकडीची वाट पेठेतून जात होती, तेच नडले. पहिल्याच दिवशी पेढेवाल्याच्या पायरीपाशी लोक गोळा झाले. शिष्याने कापूरच्या कुळाचा इतिहास असा रंगवून सांगितला की ऐकणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. दुसऱ्या दिवशी लोक फोटो काढायला आले. हळूहळू टेकडी राहिली बाजूला आणि पायरीच मुक्कामाची जागा झाली. सकाळी कापूरचे अंग ओल्या फडक्याने पुसून लख्ख करायचे, पायरीवर येऊन बसायचे, आणि कुणी प्रेमाने पुढे केलेला पेढा त्याला भरवायचा. दिसणारे अंग चकचकीत होते. कान उचलून आत बघायला सवड कुणाला होती?

संध्याकाळी गुरुजी विचारत, "धावला का रे आज?"

"धावला ना, गुरुजी. काय साद घालतो! सारी टेकडी दुमदुमते."

गुरुजी क्षणभर थबकत आणि मान हलवत. एके संध्याकाळी ते म्हणाले, "बाळ, जरा लसणीचं तेल कोमट करून आणशील? कानात घालावं म्हणतो. अलीकडे ऐकू कमी येतंय."

शिष्याने तेल आणले. मग तो नेमच झाला. रोज तिन्हीसांजेला तो वाटी घेऊन येई, करंगळी बुडवून ऊन किती आहे ते पाही आणि गुरुजींच्या कानात हळुवार थेंब सोडी. म्हातारपण, दुसरे काय, असे त्याला वाटे. आपल्या हातून सेवा घडते आहे, याचे समाधानही वाटे.

दिवाळी सरली. उद्या येतो, असा व्यापाऱ्याचा निरोप आला. त्या सकाळी गुरुजींनी काठी घेतली. "चल, आज मीही येतो. कापूर धावतो कसा ते एकदा बघू दे."

"गुरुजी, चढ फार आहे. तुमचे गुडघे..."

"बसत बसत जाऊ." फाटकापाशी येताच ते म्हणाले, "दोरी सोड."

"म्हणजे?"

"रोजची वाट त्याला पाठ असेल. आज आपण त्याच्या मागून जाऊ."

दोरी सुटली. कापूर जड अंगाने डुलत डुलत पेठेत शिरला, पेढेवाल्याच्या पायरीवर चढला, नेहमीच्या जागी बसला आणि मान एका बाजूला वळवून फोटोसाठी स्थिर झाला.

पेढेवाल्याने सवयीने पेढा मोडला. "या पंडितजी, आज उशीर केलात? लोक विचारून गेले. अरे, महाराज पण आलेत? बसा, बसा. हे दोघं रोज दुपारपर्यंत इथंच असतात. आमच्या दुकानाची शोभाच झालीय म्हणा ना."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे शिष्याला झाले. गुरुजी पायरीवर बसले. त्यांनी कापूरला जवळ घेऊन त्याचा कान उचलला. आत काळा मळ साचला होता, आंबूस वास येत होता. बोट लागताच कापूर कळवळला. चालून झिजायची नखे वाढून आत वळली होती. गुरुजींनी उपरण्याच्या टोकाने कान टिपला. ते रागावले असते तर शिष्याने सोसले असते. ते रागावले नाहीत.

"रोज सकाळी मी ओट्यावर बसून टेकडीकडे कान लावायचो," ते म्हणाले. "देवळातली घंटा ऐकू यायची, पाखरं ऐकू यायची, हा मात्र नाही. तू सांगायचास, टेकडी दुमदुमते. तू कशाला खोटं बोलशील? तेव्हा म्हटलं, माझेच कान गेले."

कापूरचा दुसरा कान उचलत ते पुढे म्हणाले, "चूक माझीही आहे. एकदा याचा कान उचलून बघायला हवा होता. मी आपला स्वतःच्याच कानात तेल घालत बसलो."

शिष्याला ती वाटी आठवली. करंगळी बुडवून ऊन बघणारा आपला हात आठवला. तो हात कुठे लपवावा ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. शिष्यच पुढे झाला. "शेठ, मी याला टेकडीवर नेलं नाही. कान पुसले नाहीत. गुरुजींना रोज खोटं सांगितलं."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. त्याने दोरी हिसकून घेतली.

"न्यायचा तर न्या," गुरुजी म्हणाले, "पण ठेवणार असाल तर याच्याकडेच ठेवा."

"याच्याकडे? पुन्हा?"

"याला अजून कुत्रा कळलेला नाही, पण लाज कळली आहे. सुरुवात तिथूनच होते."

व्यापारी पुटपुटत गेला, पण कापूरला ठेवून गेला.

त्या संध्याकाळी गुरुजी म्हणाले, "तेल आण."

शिष्य जागच्या जागी खिळला. "गुरुजी, आपले कान तर चांगले आहेत."

"कापूर अजून ऐकू आलेला नाही. आण."

मग रोज संध्याकाळी ती वाटी, आणि रोज खाली गेलेली मान. दिवसा शिष्य कापूरच्या कानात डॉक्टरांनी दिलेले औषध घाली, कान पुसून कोरडे करी आणि त्याला टेकडीवर नेई. पेठेतून जाताना लोक चिडवत, "पंडितजी, आज फोटो नाही वाटतं?" तो खाली बघून पुढे जाई. कापूर अर्ध्या चढावर फतकल मारून बसे आणि पायरीच्या दिशेने ओढ घेई. ती सवयही आपणच लावली, हे शिष्याला ठाऊक होते.

एका सकाळी करवंदीच्या जाळीपाशी कापूर थांबला. नाक जमिनीला टेकले, शेपूट ताठ झाली, आणि सशाच्या मागावर धावत सुटताना त्याने अशी दीर्घ साद घातली की साऱ्या टेकडीवर तिचा घुमारा उठला. शिष्य मटकन खाली बसला आणि रडला. ज्या आवाजाचे वर्णन तो रोज गुरुजींना ऐकवत होता, तो आवाज त्याने स्वतः आज पहिल्यांदा ऐकला.

संध्याकाळी तो नेमाप्रमाणे वाटी घेऊन गेला. गुरुजींनी ती हलकेच बाजूला सारली.

"आता नको," ते म्हणाले. "सकाळीच ऐकू आलं."

शिष्याने वाटी घासली आणि कोनाड्यात पालथी ठेवली. आपल्या शब्दावर विसंबून कुणी स्वतःच्याच कानांना दोष देत बसलेले नाही ना, एवढे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.