एलोजीच्या घराची कवाडे

नांदवलीला खाडीकडच्या आळीत उतरलात की उजव्या हाताला एक कौलारू घर लागते. सागाची जाडजूड चौकट आहे, उंबरठा आहे, कवाडे मात्र नाहीत. रात्री गोणपाटाचा पडदा सोडतात, झाले. पाहुणे विचारतात, चोरीला गेली का? मग घरचे वडीलधारे रहमिमकाका त्यांना पायरीवर बसवून घेतात आणि पणजोबांच्याही पणजोबांची गोष्ट सांगतात.

हे घर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, तेल्यांचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्या काळचा कर्ता एलोजी नेमाधर्माचा फार पक्का होता, आणि आपण पक्के आहोत हे त्याला ठाऊकही होते. त्याचा घाणा चांग्या नावाचा कातकरी हाकायचा. काम केले त्या दिवशी त्याला तांदूळ मिळत. शनिवारी बैलाला विसावा आणि वैरण असे. चांग्याला नुसताच विसावा. धर्माने चाकरालाही विसावा सांगितला आहे आणि तो आपण देतो, याचा एलोजीला मोठा संतोष होता.

एका वर्षी, असे सांगतात, एलोजीला भक्तीचे भरते आले. नव्याचा सण, म्हणजे त्यांच्या वर्षाचा पहिला दिवस, झाला तरी त्याने घाणा सुरू केला नाही. दरफाळणीच्या सणापर्यंतचे आठ-दहा दिवस सगळे त्याने देवाला दिले. चांग्याचे तांदूळही त्यात देवाला गेले, हे त्याच्या मनातसुद्धा आले नाही.

दरफाळणी म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. पांढरी वस्त्रे नेसायची, अन्नपाणी वर्ज्य, बाहेरच्याशी बोलायचे नाही, शिवायचे नाही. वर्षभराच्या पापांची माफी मागत बसायचे. त्या दिवशी दुपारी एलोजीच्या दारावर थाप पडली.

"बाबा, चांग्या तापानं पडलाय. चुलीवर काय नाय. वाटीभर पेज द्या."

चांग्याची बायको सोमी होती. पुढे घराण्यातल्या काहींनी सावरून घेतले, की म्हणे प्रार्थनेच्या नादात ऐकू गेले नाही. खोटे आहे ते. एलोजीने आवाज ओळखला होता. त्याची बायको लेआबाई उठू लागली, तर त्याने हाताने तिला खाली बसवले. सोमी बराच वेळ थांबली, मग गेली. आपला नेम मोडला नाही म्हणून एलोजीला बरे वाटले. पुढे जन्मभर त्याला सर्वांत जास्त जाळले ते त्या बरे वाटण्याने.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा, गोरगरिबांना वाटायचा. एलोजी टोपली भरून कातकरवाडीवर गेला. चांग्याला माती देऊन लोक नुकतेच परतले होते. सोमी झोपडीपुढे बसली होती. एलोजीने टोपली ठेवली, हात जोडले आणि माफी मागितली.

सोमी म्हणाली, "मी कशी देऊ, बाबा? भूक त्याला लागली हुती. त्याला इचारा."

टोपली तिने घेतली नाही. एलोजी ती घेऊन भर गावातून परतला.

जमातीच्या मुकादमाकडे जाऊन तो रडला. प्रायश्चित्त सांगा, म्हणाला, वाटेल तितके उपास करतो. मुकादम म्हणाले, "एलोजी, देवाचा काही अपराध केला असशील तर उपासानं फिटेल. माणसाचा केलास तो त्या माणसानंच माफ करायचा. देव त्यात पडत नाही. आणि उपास तू केलासच की, तो त्यालाही घडवलास."

घरी येऊन एलोजीने स्वतः कवाडे उतरवली आणि फोडली. त्या दिवसापासून घाणा थांबला तरी माणसाचे तांदूळ थांबले नाहीत. पुढल्या दरफाळणीला, आदल्या दिवशी सूर्य मावळून सण लागायच्या आत, लेआबाईने पेजेचा हंडा शिजवून उंबरठ्यावर ठेवला. एलोजी उपाशी पोटी त्याच्याशेजारी बसला. सोमी आली, वाटी भरून प्याली. एलोजीने पुन्हा माफी मागितली. ती वाटी ठेवून उठून गेली. ती दरवर्षी येई, पेज पिई, तो माफी मागे, ती उठून जाई. अशीच दोघे म्हातारी झाली आणि सोमी आधी गेली.

मरताना एलोजीने मुलांना जवळ बोलावले. जमीन, घाणा, काहीच बोलला नाही. "मला माफी मिळाली नाही," म्हणाला. "मागायचं तेवढं सोडू नका."

घराण्यातले बहुतेक आता इस्रायलला गेले. रहमिमकाका राहिले आहेत. आजही दरफाळणीला हंडा उंबरठ्यावर असतो, वाडीवरची माणसे येतात, आणि काका प्रत्येकापुढे हात जोडून चांग्याची माफी मागतात. माणसे पेज पितात, तोंड पुसतात आणि जातात. एकदा एका पाहुणीने विचारले, इतक्या वर्षांत कुणीच कसे म्हटले नाही, की जाऊ दे?

"म्हणतात की," काका म्हणाले. "चांगली माणसं आहेत, दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. पण त्यांच्यात चांग्या कोणी नसतो."