घोरपडीची निवड

फार जुनी गोष्ट. जंगलात दरवर्षी चेंडूचे सामने होत आणि त्याआधी प्रत्येक संघ नवे खेळाडू निवडत असे. त्या वर्षी नदीकाठच्या संघाचा कप्तान गवा याने पहिलीच निवड केली ती घोरपडीची, गोल राखायला.

घोरपडीने अजून चेंडू पाहिलाही नव्हता, तोवर जंगलभर बातम्या पुरवणाऱ्या कावळ्यांनी निकाल लावून टाकला. "संघ बुडाला," थोरला कावळा म्हणाला. "सशाला सोडून हिला घेतलं?" चेंडू कशाशी खातात हे ठाऊक नसलेली माकडं लगेच गव्याच्या नावाने शंख करू लागली.

"मी परत जाते," घोरपड गव्याला म्हणाली.

"सामना होऊ दे, मग जा."

सामन्यात तिने चेंडू असा धरला की सोडवायला चौघे लागले. एकही गोल झाला नाही. माकडांनी तिला खांद्यावर घेतलं. थोरला कावळा म्हणाला, "आम्ही पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो."

 कावळ्यांना थांबायला वेळ नव्हता. नदीकाठी कासवीने अंडी घातली होती, आणि त्यातलं तिसरं अंडं गोल राखायला कच्चं पडेल, हे त्यांना तातडीने जाहीर करायचं होतं.