विहिरीच्या भिंतीमागचं पिल्लू

एक होतं शहर. शहराच्या पोटात एक मेट्रो स्टेशन. अजून पुरं झालं नव्हतं.

त्या जागी आधी एक विहीर होती. गोल गोल, काळ्या दगडांची. माणसांनी तिचा दगडन् दगड सोडवला, जपून ठेवला. आता त्याच दगडांची स्टेशनात भिंत बांधत होते. गोल गोल, विहिरीसारखी.

तिथे राहायची चिंगी उंदरी. चिंगीला एक पिल्लू. बोटाएवढं.

पिल्लू भिंतीवर चढलं. पाय सटकला. घसर्रर्र! पडलं भिंतीच्या मागे, खोल फटीत.

"चीं चीं! आई!"

चिंगीने वाकून पाहिलं. आत काळोख. दगड गुळगुळीत. आत उतरलं तर वर येता येईना.

आणि भिंत बंद व्हायला उरले होते फक्त पाच दगड.

भिंतीपाशी होता राणोजी गवंडी.

"दादा, दादा, खालचा एक दगड काढा ना! माझं पिल्लू बाहेर येत नाही!"

राणोजी म्हणाला, "मुकादमचाचा सांगत नाहीत, तोवर मी दगड काढत नाही."

आणि त्याने एक दगड बसवला. थप्! उरले चार.

चिंगी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. सिमेंटच्या पोत्यांपाशी होते बाबाजान मुकादम.

"चाचा, चाचा, सांगा ना!
दादा दगड काढत नाहीत,
माझं पिल्लू बाहेर येत नाही!"

चाचा म्हणाले, "इंजिनिअरताई हो म्हणत नाहीत, तोवर मी सांगत नाही."

तिकडे थप्! उरले तीन.

"चीं चीं! आई!"

चिंगी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. रुळांच्या कडेला होत्या मृदुलाताई इंजिनिअर. फीत धरून मापं घेत होत्या.

"ताई, ताई, हो म्हणा ना!
चाचा सांगत नाहीत,
दादा दगड काढत नाहीत,
माझं पिल्लू बाहेर येत नाही!"

ताई म्हणाल्या, "नकाशात तिथे दगड आहे. रेगेकाका नकाशा बदलत नाहीत, तोवर मी हो म्हणत नाही."

तिकडे थप्! उरले दोन.

"चीं... चीं..." आवाज बारीक झाला.

चिंगी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. जिना चढली. एक पायरी, उडी. एक पायरी, उडी. वर कठड्यापाशी बसले होते रेगेकाका. पुढ्यात मोठ्ठा नकाशा.

"काका, काका, नकाशा बदला ना!
ताई हो म्हणत नाहीत,
चाचा सांगत नाहीत,
दादा दगड काढत नाहीत,
माझं पिल्लू बाहेर येत नाही!"

काका म्हणाले, "विहीर होती तशीच हवी. कुठे दगड होता, कुठे नव्हता? ते एकट्या ठकूआजींना ठाऊक, त्या रोज विहिरीवर यायच्या. ठकूआजी बोलत नाहीत, तोवर मी नकाशा बदलत नाही."

तिकडे थप्! उरला एक. एकच.

"चीं..."

चिंगी पळाली. तुरुतुरु तुरुतुरु. धाप लागली, तरी पळाली. बाहेर रस्त्यावर बसल्या होत्या ठकूआजी. फुलं विकत. स्टेशनकडे पाठ करून.

"आजी, आजी, बोला ना!
काका नकाशा बदलत नाहीत,
ताई हो म्हणत नाहीत,
चाचा सांगत नाहीत,
दादा दगड काढत नाहीत,
माझं पिल्लू बाहेर येत नाही!"

आजींनी मानसुद्धा वळवली नाही.

"मी त्या लोकांशी बोलत नाही. त्यांनी माझी विहीर मोडली."

"नाही हो आजी! विहीर आहे! खाली आहे! सगळे दगड आहेत!"

"खोटं."

"या ना! बघा ना! लवकर!"

आजी उठल्या. गुडघे कुरकुरले. एक पाऊल. दुसरं पाऊल. चिंगी पुढे पळे, परत मागे येई.

आजी कठड्यापाशी आल्या. खाली वाकल्या. काळे दगड. गोल गोल भिंत.

"अगंबाई! माझीच गं विहीर ही!"

खाली राणोजीने शेवटचा दगड उचलला.

"थांब रे!" आजी ओरडल्या. "खालून तिसरा थर, अगदी डावीकडे. तिथे दगड नव्हताच! तिथे कोनाडा होता. मी त्यात फुलांची परडी ठेवायची!"

आजी बोलल्या, तसा काकांनी नकाशा बदलला. सर्रर्र!
काकांनी नकाशा बदलला, तशा ताई हो म्हणाल्या. "हो!"
ताई हो म्हणाल्या, तसं चाचांनी सांगितलं. "राणोजी, दगड काढ!"
चाचांनी सांगितलं, तशी दादांनी पहार लावली. खट्! खट्! खट्!

दगड हलला. दगड निघाला.

आत काळोख. आवाज नाही.

चिंगीने नाक आत घातलं. "बाळा?"

काही नाही.

"बाळा, मी आले."

काही नाही. राणोजी खाली वाकला. ताईंनी फीत खाली ठेवली. आजी अर्ध्या जिन्यातच थांबल्या.

मग फटीत काहीतरी खसपसलं. एक मिशी दिसली. दुसरी मिशी दिसली. धुळीने पांढरं झालेलं पिल्लू सरपटत, सरपटत, कोनाड्यात आलं.

चिंगीने त्याला चाटलं. डोकं चाटलं, कान चाटले, शेपटी चाटली.

पिल्लू शिंकलं. "फिस्स!"

आणि म्हणालं, "आई, भूक!"