सहाव्या डोक्याचा चेहरा

घानाच्या किनाऱ्यावर अक्वानो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक लाकडी पाटी असते. पाटीवर तेलरंगात सहा डोकी काढलेली, सहा तऱ्हांचे केस. हवे त्यावर गिऱ्हाइकाने बोट ठेवायचे आणि खुर्चीत बसायचे. पण सहाव्या डोक्याला चेहरा नसतो. केस, कान, मान सगळे असते; मध्ये नुसता तपकिरी रंग.

"रंग संपला वाटतं?" पाहुणे हमखास विचारतात. गावात पाट्या रंगवणाऱ्यांतले सर्वांत वयस्कर बोटवेबाबा यावर हसत नाहीत. पाहुण्यांना बाकावर बसवतात आणि मेन्साची हकिकत सांगतात.

मेन्सा हा फार पूर्वीचा पाट्या रंगवणारा. त्याचा हात असा, की शिंप्याच्या पाटीवर त्याने काढलेल्या बाईला लोक जाता जाता "बरी आहेस ना?" विचारत, म्हणे. त्या काळी गावाने फोटो पाहिलेला नव्हता. एका वादळात अराबाचा एकुलता एक मुलगा कोबिना होडीसकट समुद्रात गेला. देहही मिळाला नाही. अराबा मासे धुरावर भाजून बाजारात विकायची. ती मेन्साकडे आली.

"न्हाव्याच्या पाटीवर एक डोकं काढायचं राहिलंय ना? तिथं माझा कोबिना काढ. जाता-येता दिसेल तरी."

"तू 'हाच' म्हणेपर्यंत काढत राहीन, आई," मेन्सा म्हणाला. कोबिनाला त्याने पाहिले होते, पण होडी ओढणाऱ्या वीस पोरांतला एक म्हणून. चेहरा त्याला अराबाकडूनच घ्यायचा होता.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "नाक बसकं होतं रे." त्याने बसके केले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बसकं कुठलं? माझ्या वडिलांसारखं सरळ होतं." भुवईवरचा वण आज डावीकडे, परवा उजवीकडे. मासळीवाल्या बाया हसू लागल्या, "मेन्सा, तुला बकरी सांगितली तर कोंबडी काढशील हो!" मेन्सा मान खाली घालून खरवडायचा आणि पुन्हा रंगवायचा. आपला हात गेला, असेच त्याला वाटू लागले.

महिना उलटला. एका सकाळी त्याने विचारले, "आई, डोळे कसे होते?"

अराबाने सांगायला तोंड उघडले आणि ती तशीच उभी राहिली. मग डोक्याचे फडके सोडून तिने तोंडावर धरले. "मी आई ना रे त्याची?" एवढेच म्हणाली.

तेव्हा मेन्साला कळले. चूक त्याच्या हाताची नव्हती. समुद्राने कोबिनाला नेले ते एकदाच. आता तिच्या मनातूनही तो रोज थोडा थोडा जात होता. मेन्साने रुंद कुंचला घेतला आणि नाक, ओठ, वण, सगळे एका रंगाखाली घातले. केस आणि कान तेवढे राहू दिले. त्यांच्याबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती.

अराबाने तोंडावरचे फडके खाली घेतले आणि पाटीकडे पाहिले.

"हाच," ती म्हणाली.

असे सांगतात, की पुढे त्याच वादळात मुले गमावलेल्या दुसऱ्या बायाही त्या पाटीपुढे येऊन थांबू लागल्या, आणि त्यांतली प्रत्येक म्हणे, माझाच आहे तो. मग गावातल्या एकेका न्हाव्याने आपल्या पाटीवरचे सहावे डोके तसेच काढून घेतले.

आजही अक्वानोत कोणी सहाव्या डोक्यावर बोट ठेवत नाही. पाटीपुढे एखादी बाई उभी राहिली, तर न्हावी कात्री थांबवतो. ती कोणाला पाहते आहे, हे तिला विचारायची तिथे रीत नाही.