कुलपातली सार्वजनिक टाकी

आमच्या गावाची पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक टाकी सरपंच उत्तमरावांच्या बंगल्याच्या आवारात आहे. नाव सार्वजनिक, किल्ली उत्तमरावांच्या कमरेला. वस्तीतल्या बाया ओढ्याचं गढूळ पाणी आणतात.

एकदा तपासणीला इंजिनिअर आले. गावाला पाणी मिळतंय असा शेरा त्यांनी मारला, की वस्तीनं मागितलेला नळ कायमचा बुडणार होता. त्या दिवशी कुलूप निघालं. काय बोलायचं ते पढवून सरपंचांनी बायांना हंड्यांसह बोलावलं.

बाया फाटकातून आत शिरताच सरपंचांचा कुत्रा जोरजोरात भुंकत साखळी तोडू लागला.

“बघा साहेब,” सरपंच त्या गोंगाटात ओरडले, “सगळं गाव रोज इथंच पाणी भरतं! सार्वजनिक म्हणजे आणखी काय असतं? सांग गं कोंडाबाई!”

कोंडाबाईनं हंडा खाली ठेवला. “सरपंच म्हणतात तर रोज येत असू, साहेब. पण मग हा कुत्रा आमच्यातल्या एकीलाही ओळखत कसा नाही?”

“गप रे टायगर!” सरपंच खेकसले.

“त्याच्यावर कशाला डाफरता?” कोंडाबाई म्हणाली. “आम्हा सगळ्यांना पढवलंत, तेवढं त्यालाच पढवायचं राहिलं.”

इंजिनिअरांनी पेनाला टोपण लावलं आणि वस्तीत नळ कुठून न्यायचा ते बघायला निघाले.