देवीची हिरवळ

कधीकाळची गोष्ट आहे. किती जुनी, ते मोजायला बसू नका. डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. तिथे पूर्वजांनी दगडमातीचा एक प्रचंड बांध घातला होता. बांधाच्या एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला शंभर गावं. पाणी अडवण्याची ती विद्या शिकायला दूरदूरच्या देशांतून मुलं-मुली येत. गुरुमाई त्यांना शिकवत.

तिथे एक रीत होती. पावसाळ्याआधी सगळ्यांत नवा परदेशी विद्यार्थी बांधावरून फेरी घालायचा आणि दिसेल त्याबद्दल विचारायचा. हा दगड तिरका का? ही माती काळी का? गावकऱ्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

लोकांना याचा कंटाळा आला. "आमचं धान्य खातात, आमच्या ओसऱ्या अडवतात आणि वर आम्हालाच प्रश्न विचारतात!" असं म्हणत ते राजाकडे गेले. राजाने परदेशी विद्यार्थ्यांना निघून जायला सांगितलं. बेटावरून नुकतीच आलेली एक मुलगीही गेली. तिची फेरी राहूनच गेली. पण तिचं मन निघेना, म्हणून सीमेपलीकडच्या गावात काथ्याचे दोर वळत ती थांबली.

पुढची दोन वर्षं पाटलाच्या पुतण्याने फेरी घातली. "मला सगळं माहीत आहे," म्हणत तो घटकाभरात परतला. सगळे खूश झाले आणि वेळेवर जेवले.

त्याच काळात एक नवल घडलं. भर उन्हाळ्यात बांधाच्या कोरड्या अंगाला हातभर जागेत हिरवंगार गवत उगवलं. लोकांनी हात जोडले, नारळ फोडले, शेंदूर लावला. दोन वर्षांत ते देवस्थान इतकं जुनं झालं की पुजारी त्याचं माहात्म्य आपल्या पणजोबांपासून सांगू लागला!

तिसऱ्या वर्षी गुरुमाई राजासमोर उभ्या राहिल्या. "महाराज, इथे जन्मलेला माणूस बांधावरून नुसता चालतो. मीही त्यातलीच. एका दिवसासाठी त्या मुलीला बोलवा, नाहीतर माझ्या शाळेलाही टाळं लावा."

राजाने नाइलाजाने होकार दिला. मुलगी आली. फेरी घालता घालता हिरवळीपाशी थबकली.

"इथेच गवत का?"

"देवीची कृपा, पोरी. हात जोड," पुजारी म्हणाला.

"जोडते, काका. पण आमच्या बेटावर होडीच्या आतल्या कोरड्या फळीला ओल दिसली की आम्ही हात जोडत बसत नाही. होडी आधी काठाला लावतो."

गुरुमाईंनी स्वतः कुदळ उचलली. चार हात खणल्यावर कुदळ पोकळीत गेली. आत एक माणूस बसेल एवढी जागा होती आणि तिच्या तळाशी तलावाचं थंड पाणी झुळझुळत होतं. फेरीबरोबर आलेल्या राजाने वाकून तो आवाज ऐकला. इतकी वर्षं तो याच बांधाच्या भरवशावर झोपत होता.

तलाव तेव्हा तळाला गेला होता, म्हणून बरं. मुलीने होडीची फट बुजवतात तसा काथ्या ठासायला शिकवलं. त्यावर गावाने काळी माती चोपली आणि दगड बसवले. राजानेही पाट्या वाहिल्या.

त्या वर्षी आठ दिवस आभाळ फाटलं. पाणी काठोकाठ आलं. शंभर गावं बांधावर येऊन उभी राहिली. समोर समुद्रासारखा तलाव आणि पायाखाली कोरडी माती. पुजाऱ्याने वाकून त्या मातीला हात लावला.

राजाने मुलीला विचारलं, "काय देऊ तुला?"

"मला शिकायचंय, महाराज. माझं अजून पहिलंच वर्ष आहे."

राजाने त्याच दिवशी सीमेची दारं उघडली. फेरी पुन्हा सुरू झाली. आता उत्तर मिळेपर्यंत गावकऱ्यांबरोबर राजाही उपाशी थांबतो. हिरवळीच्या जागी दिवा मात्र अजून लावतात, कारण देवी आली होती हे खरंच होतं. ती गवतातून आली नव्हती, इतकंच.

तात्पर्य : घरच्यांचे डोळे सवयीने मिटतात, शिकायला आलेला परका ते उघडून जातो.