पितळी पिंजऱ्यातले घोयरे

मुलांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट खूप जुनी आहे. इतकी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

तिथल्या राणीला रानातल्या एका नाईकाने दोन घोयरे भेट दिले होते. घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा. झुलत झुलत पाऊल टाकणारा, एक डोळा पुढे आणि दुसरा मागे फिरवणारा. राणीला ती जोडी पाहताक्षणी आवडली. थंडीभर तिने ती आपल्या महालात ठेवली आणि स्वतःच्या हाताने तिला नाकतोडे भरवले.

पण थंडी सरता सरता घोयरे मलूल झाले. वैद्यबुवा म्हणाले, "राणीसाहेब, यांना ऊन हवं. बंद खोलीत यांची हाडं ठिसूळ होतील."

राणीने लगोलग पितळेचा सुंदर पिंजरा घडवून घेतला आणि अंगणाच्या मधोमध ठेवला. घार झडप घालील, मांजर पंजा मारील, म्हणून त्याला कुलूप लावलं. आत पाण्याची वाटी ठेवली. किल्ली राणोजी नावाच्या पहारेकऱ्याकडे दिली आणि त्याला बजावलं, "पिंजरा इथून हलता कामा नये. कुणाला हातही लावू देऊ नकोस."

राणोजीची चाकरी वीस वर्षांची. एवढ्या काळात त्याने एकही हुकूम मोडला नव्हता.

फाल्गुनातल्या कोवळ्या उन्हात घोयरे तरतरीत झाले. राणी खूश झाली. मग चैत्र गेला, वैशाख आला. अंगणातली फरशी पायाला चटके देऊ लागली. पिंजरा मात्र होता तिथेच होता.

एका दुपारी राणीने सज्ज्यातून खाली पाहिलं. नेहमी हिरवे दिसणारे घोयरे फिकट पिवळे झाले होते. "बघा, कसे उजळलेत," ती दासींना म्हणाली आणि वाळ्याचे पडदे सोडून विसाव्याला गेली.

खाली राणोजी पिंजऱ्याशी उभा होता. घोयऱ्यांनी तोंडं उघडी टाकली होती. पाण्याची वाटी भरलेली होती, पण त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. जोडीतली मादी धाकटी, तिचे डोळे मिटले होते. राणोजीला ते बरं वाटेना. पण हुकूम तो हुकूम, असं म्हणून त्याने मान फिरवली.

तेवढ्यात बागेतली बायजा माळीण घागर घेऊन तिथून निघाली होती. पिंजऱ्याकडे नजर जाताच ती थबकली.

"राणोजीदादा, मरायला टेकलेत हे. सावलीत घ्या."

"बाई, हुकूम नाही मला."

"हुकूम कशासाठी दिलाय? हे जगावेत म्हणूनच ना?"

 राणोजीने पिंजऱ्याच्या गजाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मग त्याने किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दोन्ही घोयरे हलक्या हातांनी बाहेर घेतले.

बायजाने त्यांना जास्वंदीच्या दाट झुडपात ठेवलं. "एकदम गार पाणी नको," ती म्हणाली. तिने ओंजळीतून वरच्या पानांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं. पानावरून थेंब ओघळले. बराच वेळ काही झालं नाही. मग मोठ्या घोयऱ्याने जीभ काढून एक थेंब टिपला. धाकटी तशीच पडून होती. ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे तिने एक डोळा उघडला.

राणी उठून आली तर पिंजरा रिकामा. ती संतापली. "कुणी उघडलं हे?"

"मी उघडलं, राणीसाहेब," राणोजी म्हणाला. "द्याल ती शिक्षा मान्य आहे. पण आधी पिंजऱ्याला हात लावून बघा."

राणीने गजावर हात ठेवला. दिवस कलला होता, तरी हात पोळला. तिचा राग तिथेच उतरला.

"मला वाटलं, ते खुशीत आहेत," ती हळूच म्हणाली.

"राणीसाहेब, काहिली झाली की यांचा रंग असाच फिका पडतो," बायजा म्हणाली. "यांना ओरडता येत नाही. वाटीतलं साठलेलं पाणी कळत नाही, पानावरचा थेंब कळतो. ऊन यांना हवंच, पण नकोसं झालं की सावलीत सरकायला जागाही हवी."

दुसऱ्याच दिवशी पितळी पिंजरा कोठारात गेला. जास्वंदीभोवती बांबूचा उंच मांडव उभा राहिला, घारी-मांजरांसाठी त्याला जाळी लागली. मांडवाचा निम्मा भाग उन्हात, निम्मा गर्द सावलीत. वर बारीक छिद्राचं मडकं टांगलं, त्यातून पानांवर थेंब थेंब पाणी ठिबके. राणोजीला नवा हुकूम मिळाला, "डोळे उघडे ठेव, आणि त्यांना जे लागेल ते कर. मला विचारायला थांबू नकोस." राणी स्वतःही रोज दुपारी खाली येऊन बसू लागली.

पावसाळ्यात धाकटीने माती उकरून अंडी घातली. पुढे काही महिन्यांनी, एका सकाळी, जास्वंदीच्या फांद्यांवर करंगळीहून लहान अशी अकरा पिल्लं झुलत चालताना दिसली.

तात्पर्य: नुसती माया पुरत नाही, ज्याला जपायचं, त्याला काय हवं ते त्याच्याकडे बघून ओळखावं लागतं.